नदीपलीकडचा फौजदार

'तडीपार' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत इतका रुळला आहे की त्यातली नदी आता कोणाला दिसत नाही. तड म्हणजे काठ. तडीपार म्हणजे काठापलीकडे घालवलेला. औरंगाबादजवळच्या वाळूज किंवा एमआयडीसी वाळूज ठाण्याच्या हद्दीतला एखादा सराईत फारच डोईजड झाला की त्याच्या तडीपारीचा प्रस्ताव आयुक्तालयात जातो. १९५१ च्या पोलिस अधिनियमातली ५५ ते ५७ ही कलमे लागतात आणि जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी त्याला हद्दीबाहेर काढले जाते. नगर रस्त्याने काढायचे म्हटले तर वाटेत खरोखरच नदी लागते. वाळूजवरून निघालेला रस्ता कायगावला गोदावरीवर येतो. पूल ओलांडला की टोका, प्रवरासंगम आणि नेवासे तालुका.

आज ही दोन जिल्ह्यांमधली हद्द आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत ती दोन राज्यांमधली होती. वाळूज, गंगापूर, औरंगाबाद हा निजामाचा मुलूख आणि पलीकडचा अहमदनगर जिल्हा १९४७ पर्यंत ब्रिटिशांचा. नगरकडचे लोक अलीकडच्या तीराला 'मोगलाई' म्हणत. तीर बदलला की रुपयाही बदले. पलीकडे कळदार चाले आणि इकडे हाली शिक्का. साधारण ११६ हाली रुपये दिले तर १०० कळदार हाती येत. मालावर जकात घ्यायला निजामाचे करोडगिरी नाके होते, आणि कोर्टकचेरीची भाषाही वेगळी होती.

चोराला याहून सोयीची नदी कोणती? जायकवाडीचे धरण झाल्यापासून नाथसागराचे पाणी कायगाव-टोक्यापर्यंत फुगलेले दिसते. धरण नव्हते तेव्हा उन्हाळ्यात गोदावरी ठिकठिकाणी पायउतार होई. रात्री पलीकडची गुरे हाकून आणावीत आणि उजाडायच्या आत अलीकडे यावे. पाठलाग करणाऱ्या शिपायाने काठावर थांबायचे, कारण पाण्यात पाय टाकला की तो शिपाई उरत नसे, परक्या मुलखात घुसलेला हत्यारबंद माणूस ठरे.

हा घोळ ब्रिटिशांना पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर नडला तो ठगांच्या बाबतीत. ठगांच्या टोळ्या एका संस्थानात माणूस मारत, दुसऱ्यात माल विकत आणि तिसऱ्यात घरदार करून राहत. विल्यम स्लीमनच्या हाताखाली १८३० च्या दशकात जे ठगी खाते उभे राहिले, त्याची खरी ताकद फाशीच्या दोरात नव्हती. एकाच खात्याला अनेक संस्थानांच्या हद्दीत हात घालता येत होता, ही ती ताकद. पुढे या खात्याला दरोड्यांचे कामही जोडले गेले. १९०४ साली ते मोडून त्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खाते आले.

खाते हात घालू शके, पण साध्या गुन्ह्यातल्या साध्या आरोपीसाठी कायद्याचा कागद हवाच होता. तो १८६७ मध्ये झाला. ब्रिटिश सरकार आणि निजाम यांच्यात गुन्हेगार एकमेकांच्या ताब्यात देण्याचा करार झाला, आणि खून, दरोडा, ठगी यांसारख्या घोर गुन्ह्यांतला फरारी मागून घ्यायची रीत ठरली. आजच्या भाषेत हा प्रत्यार्पण करार. मागणीचा कागद हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत दरबारात जायचा. नेवाशाच्या फौजदाराला नदीपलीकडचे गंगापूर डोळ्यांना दिसत असले, तरी सरकारी वाट हैदराबादवरून जात होती.

या वाटेचा इतिहास चाळताना एक गोष्ट खटकते. मराठी मुलखात दोन राज्यांचे पोलिस जेव्हा खरेच मन लावून एकत्र आले, तेव्हा त्यांच्या पुढे बहुधा गुरेचोर नव्हता.

१८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी शिरूरजवळच्या धामारीवर पहिला दरोडा घातला. पुण्यातल्या लष्करी हिशेब खात्यातला हा कारकून रामोशांना घेऊन सावकार लुटत होता, आणि त्या पैशातून सरकारविरुद्ध फौज उभी करायची स्वप्ने पाहत होता. सरकारने त्यांच्यावर इनाम लावले, तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर इनाम लावले. पाठलाग तापला तसे फडके दक्षिणेकडे सरकले. श्रीशैलम् गाठले आणि मग निजामाच्या मुलखात रोहिल्यांची भरती करायच्या खटपटीला लागले. इथे ब्रिटिश मेजर डॅनियल एकटा पुरा पडला नसता. त्याच्या जोडीला निजामाच्या पोलिसांतले वरिष्ठ अधिकारी अब्दुल हक होते. एकाला माणूस ओळखायचा होता, दुसऱ्याला मुलूख ठाऊक होता. जुलैच्या २० तारखेच्या रात्री विजापूरकडच्या देवर नावदगी गावात, तापाने फणफणलेले आणि थकून झोपी गेलेले फडके त्यांच्या हाती लागले. पुण्यात खटला झाला. सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जन्मठेप झाली आणि एडनला रवानगी. तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते वारले. सरकारी दप्तरात ते दरोडेखोर होते, आणि ज्या करारांनी दोन राज्ये बांधली गेली होती त्यांत 'दरोडा' हा शब्द ठळक होता.

अठरा वर्षांनी तीच वाट पुन्हा तुडवली गेली. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याच्या गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. दामोदर चाफेकर पकडले गेले, पण धाकटे बंधू बाळकृष्ण निसटले आणि निजामाच्या मुलखात शिरले. वर्षाहून अधिक काळ ते तिकडच्या रानावनात लपून होते. अखेर तिकडच्या पोलिसांनी पकडून त्यांना ब्रिटिशांच्या हवाली केले. मे १८९९ मध्ये येरवड्याला त्यांना फाशी झाली. मोगलाईचा आडोसा माणसाला काही काळ झाकू शके, कायमचा नाही.

मग पाळी आली खुद्द औरंगाबादची. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे मीटरगेज रेल्वे धावू लागली होती. टोक्याच्या उताराला रात्रीची वाट पाहण्याची गरज संपली. तिकीट काढले की हद्द ओलांडता येई. रत्नागिरी जिल्ह्यातला अनंत लक्ष्मण कान्हेरे हा मुलगा औरंगाबादेत इंग्रजी शिकला आणि तिथेच क्रांतिकारकांच्या नादी लागला. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन आत येत असताना कान्हेऱ्याने त्याला गोळ्या घातल्या. पिस्तूल ब्राउनिंग बनावटीचे होते. लंडनहून चतुर्भुज अमीन नावाच्या स्वयंपाक्याच्या सामानातून वीस पिस्तुले मुंबईत उतरली होती, त्यांतले हे एक. माणूस निजामाच्या मुलखात वाढलेला, हत्यार युरोपातले, ते पाठवणारा लंडनमध्ये आणि खून नाशकात. एका ठाण्याच्या हद्दीत मावणारा हा गुन्हा नव्हता. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले.

पिस्तुले पाठवल्याचा ठपका विनायक दामोदर सावरकरांवर होता. १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना अटक झाली. लंडन ते मुंबई हे अंतर हजारो मैलांचे, पण कायद्याने घरातल्या घरात होते. दोन्हीकडे राज्य एकच, म्हणून १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्याने काम भागले आणि प्रत्यार्पणाची गरज पडली नाही. अडचण फक्त वाटेची. 'मोरिया' बोट मार्सेल्सला थांबणार होती, आणि तिथे राज्य फ्रान्सचे.

लंडनच्या पोलिसांना याची धास्ती होती. २९ जून १९१० रोजी लंडन पोलिसप्रमुखांच्या कचेरीतून पॅरिसच्या सुरक्षा खात्याच्या संचालकांना पत्र गेले. मार्सेल्सला सावरकरांचे साथीदार काही गडबड करतील, तिथे लक्ष ठेवावे, असा त्यातला मजकूर. हे पत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. एका देशाचा पोलिस दुसऱ्या देशाच्या पोलिसाला परराष्ट्र खात्याला वळसा घालून थेट लिहीत होता. त्यावेळी लंडनच्या पोलिसप्रमुखाच्या खुर्चीत एडवर्ड हेन्री होते. बंगालमध्ये पोलिस महानिरीक्षक असताना अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दुय्यम अधिकाऱ्यांच्या डोक्यातून उतरलेली बोटांच्या ठशांची वर्गवारी ज्यांच्या नावाने जगभर गेली, तेच हे हेन्री. देशोदेशीच्या पोलिसांना माणूस ओळखण्यासाठी एक समान खूण मिळाली ती या कामातून. कारण नाव बदलता येते, वेश बदलता येतो, पण अंगठ्याचा ठसा बदलत नाही.

८ जुलैच्या सकाळी सावरकरांनी बोटीच्या शौचकुपाच्या गोल खिडकीतून समुद्रात उडी घेतली. पोहत धक्का गाठला आणि धावत सुटले. मागे आरडाओरडा, पुढे एक फ्रेंच पोलिस जमादार. त्याने त्यांना धरले आणि बोटीवरच्या ब्रिटिश पोलिसांना परत नेऊन दिले. त्याला वाटले, बोटीवरचा कोणी खलाशी पळतो आहे. काही मिनिटांचा हा प्रकार पुढे सात महिने जगाच्या वर्तमानपत्रांत गाजला. जाँ जोरेस यांच्या 'ल्युमानिते' या समाजवादी पत्राने आवाज उठवला की फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय आरोपीला असे हाताला धरून परत देता येत नाही. फ्रान्सने ब्रिटनकडे सावरकर परत मागितले.

प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. बेल्जियमचे बेर्नार्ट अध्यक्ष होते, आणि फ्रान्स, ब्रिटन, नॉर्वे व नेदरलँड्स यांचा एकेक जण पंच. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल आला. लवादाने मान्य केले की पकडण्यात आणि ताब्यात देण्यात अनियमितता झाली. मात्र कोणी फसवले नाही, कोणी बळजबरी केली नाही. दोन्हीकडच्या पोलिसांत आधीच समजूत होती आणि त्या समजुतीतून फ्रेंच जमादार वागला. परक्या पोलिसाच्या चुकीने हाती आलेला कैदी परत करावा, असा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. म्हणजे २९ जूनचे ते पत्र सावरकरांच्या विरोधात गेले. निकाल लागला तेव्हा मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा ठोठावूनही झाल्या होत्या. फडक्यांच्या वेळी डॅनियल आणि अब्दुल हक यांच्यात जे घडले, तेच आता सरकारी शिक्क्यानिशी दोन साम्राज्यांत घडले होते.

तीन वर्षांनी, एप्रिल १९१४ मध्ये मोनॅकोला २४ देशांचे पोलिस, वकील आणि न्यायाधीश जमले. टेलिग्राफने थेट संपर्क, गुन्हेगारांच्या ओळखीची सामाईक नोंद, प्रत्यार्पणाची एक ठरावीक पद्धत, अशा मागण्या तिथे मांडल्या गेल्या. उन्हाळ्यात महायुद्ध पेटले आणि कागद गुंडाळले गेले. १९२३ साली व्हिएन्नाचे पोलिसप्रमुख योहान शोबर यांनी ते पुन्हा उघडले आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी पोलिस आयोग जन्माला आला. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, तसा हा आयोगही गिळला. काही काळ त्याचा अध्यक्ष राइनहार्ड हायड्रिख होता. देशोदेशीच्या माणसांच्या नोंदी एका टेबलावर जमा झाल्या की ते टेबल कोणाच्या हाती पडते यावर सगळे ठरते, हे युरोपने तेव्हा पाहिले. १९४६ मध्ये ब्रुसेल्सला आयोगाची नव्याने बांधणी झाली, आणि १९४८ साली राजकीय, धार्मिक व वांशिक स्वरूपाच्या बाबी आयोगाने कटाक्षाने टाळाव्यात, असे नियमात घालण्यात आले.

त्याच वर्षी गोदावरीकाठच्या हद्दीचे शेवटचे नाट्य सुरू होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात 'जैसे थे' करार झाला. कागदावर जुने व्यवहार चालू राहायचे होते. सीमेवर मात्र भारताच्या बाजूला निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाची शिबिरे उभी राहत होती, तरुण रात्री हद्द ओलांडून करोडगिरीचे नाके जाळत होते आणि परत येत होते. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेडजवळच्या उमरीत बँक लुटली गेली. वीस लाखांहून जास्त रक्कम सीमेपार गेली आणि तिचा पै-पैचा हिशेब ठेवला गेला. हैदराबादच्या दप्तरी हा दरोडाच. जुन्या कराराची अक्षरे वाचली तर तो दरोडा घोर गुन्ह्यांत मोडत होता. पण नदीपलीकडचा फौजदार आता इंग्रजांचा नव्हता, आणि आपल्या माणसांना धरून निजामाच्या हवाली करायला तो निघाला नाही. सप्टेंबरात भारतीय फौजा आत शिरल्या आणि पाच दिवसांत संस्थान संपले. मराठवाड्यात आजही या लष्करी कारवाईला लोक 'पोलिस ॲक्शन' म्हणतात.

पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये भारत त्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा सदस्य झाला. १९५६ मध्ये आयोगाने 'इंटरपोल' हे नाव घेतले आणि नव्या घटनेच्या कलम ३ मध्ये राजकीय, लष्करी, धार्मिक व वांशिक बाबींना मज्जाव पक्का केला. गुन्ह्यात राजकारण किती आणि गुन्हा किती हे तोलून पाहायचे, अशी रीत पडली. फडक्यांचे प्रकरण त्या तराजूत घातले असते तर? धामारीच्या सावकाराची तिजोरी एका पारड्यात, उलट इनाम लावणारा जाहीरनामा दुसऱ्या पारड्यात. कोणते पारडे खाली जाते, यावर आजचे वकीलही तासन् तास भांडतील.

इंटरपोलबद्दल सिनेमांनी एक गैरसमज रुजवला आहे. इंटरपोलचा पोलिस कोणाला बेड्या घालत नाही. ल्याँच्या मुख्यालयातून निघणारी रेड नोटीस ही सदस्य देशांना केलेली विनंती असते. त्या माणसाचा ठावठिकाणा शोधा, आणि तुमच्या कायद्यात बसत असेल तर प्रत्यार्पणासाठी धरून ठेवा. धरायचे तिथल्या पोलिसांनी, सोपवायचे की नाही ते तिथल्या कोर्टाने ठरवायचे.

मुंबईला याचा धडा अबू सालेमने दिला. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोट खटल्यातला हा आरोपी सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला सापडला. पोर्तुगालने लष्करी गुन्हे सोडून बाकीच्यांसाठी फाशी १८६७ सालीच रद्द केलेली. निजामाबरोबर करार झाला तेच हे वर्ष. तेव्हा सालेमला फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त डांबणार नाही, असे लेखी आश्वासन भारत सरकारला द्यावे लागले. ११ नोव्हेंबर २००५ रोजी तो भारतात आला. २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की पोर्तुगालला दिलेला शब्द सरकारने पाळायचा आहे. मुंबईच्या खटल्यातल्या कैद्याचे तुरुंगातले दिवस लिस्बनमधल्या एका कागदावर मोजले जात आहेत.

वाळूजला हे सगळे फार दूरचे वाटण्याचे दिवस केव्हाच गेले. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याभोवती सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, आणि करोडगिरी नाक्यांच्या काळात ज्या रस्त्यावरून बैलगाड्या जात तिथून परदेशी निघालेले कंटेनर जाऊ लागले. माल जसा जगाशी जोडला गेला, तसा गुन्हाही जोडला गेला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबादची गुन्हे शाखा यांनी याच गोदावरीकाठच्या पैठणच्या औद्योगिक वसाहतीत आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात छापे घातले. कोकेन, केटामाइन, मेफेड्रोन असा अडीचशे कोटींहून अधिक किमतीचा साठा हाती लागल्याचे सांगण्यात आले. मेफेड्रोन रसायनांच्या शेडमध्ये बनू शकते. कोकेनचे झुडूप मात्र दक्षिण अमेरिकेत वाढते. आणि सुगावा लागला होता तो गुजरातच्या पोलिसांना.

अशा गुन्ह्यातला माणूस परदेशी निसटला तर वाळूजच्या तपासी अंमलदाराने काय करायचे? कालपरवापर्यंत उत्तर होते: पत्र, फॅक्स, ईमेल. ठाण्याकडून आयुक्तालय, तिथून राज्याचे इंटरपोल संपर्क अधिकारी, मग दिल्लीत सीबीआय, आणि तिथून ल्याँ. ७ जानेवारी २०२५ रोजी सीबीआयचे 'भारतपोल' हे संकेतस्थळ सुरू झाले आणि ही विनंती संगणकावरून एकाच साखळीत पाठवायची सोय झाली. कागद तोच, वाट छोटी. नेवाशाच्या फौजदाराला १८६७ मध्ये जे हैदराबादवरून फिरवून आणावे लागे, ते आता कळफलकावर आले आहे. नकार द्यायचा हक्क मात्र पलीकडच्या तीराने अजून सोडलेला नाही.

कायगावच्या पुलावर आता ना नाका आहे ना हाली-कळदारचा सराफ. खाली नाथसागराचे पाणी आहे, आणि पलीकडच्या तोंडाशी दुसऱ्या जिल्ह्याची हद्द सुरू होते. वाळूजमधून तडीपार झालेला माणूस एसटीने इथवर आला की पूल ओलांडून नेवाशात उतरू शकतो. तिथल्या ठाण्याच्या लेखी तो त्या दिवसापुरता तरी एक साधा प्रवासी असतो.